तिसरा रकाना

ढगात बसून धडे आखणारी बाई अख्ख्या मावळात एकच, आणि ती नेमकी माझ्या शेजारच्या वर्गाला मिळाली होती. टाकव्याकडच्या आमच्या शाळेत रेंज येते ती मागच्या टेकाडावरच्या एका खडकावर, आणि श्रावणात तो खडक निम्मा वेळ ढगात असतो. शाळा सुटली की बाई छत्री, मोबाइल आणि दोनशे पानी वही घेऊन तिथे जाऊन बसायच्या. खालून नुसती छत्री दिसायची, तीही मधूनच विरघळून जायची. ऑनलाइन प्रश्नमंजूषा असो की बोटाने फिरवायचा नकाशा, त्याचा धडा आधी वहीत उतरायचा. पानावर रकाने: ‘नेट असेल तर’, ‘नेट नसेल तर’. तिसरा मात्र त्या हाताने झाकायच्या. “तो खासगी आहे, सर.”

मी शाळेचा तंत्रज्ञ, म्हणजे पासवर्ड मला ठाऊक होता. त्या वहीला मी मनसोक्त हसायचो.

एकदा तालुक्याहून साहेब बाईंचा धडा बघायला आले. धडा रंगला तर वीस टॅब आमच्याकडे राहणार होते, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाणार होते. प्रश्न बाईंचे, टॅबवर चढवायचं काम माझं. प्रत्येक प्रश्नाला पन्नास सेकंद, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मी घाईत शून्य गाळलं. त्यात नेट त्या दिवशी कधी नव्हे ते झकास चाललं, त्यामुळे चूक त्याच्यावर ढकलायचीही सोय उरली नाही. प्रश्न वाचून व्हायच्या आत वीसही टॅबवर ‘वेळ संपली’.

“बाई, उत्तर येतंय वो,” मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “पन ह्यो थांबतच न्हाई.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी सेटिंगमध्ये शिरलो आणि सगळे प्रश्नच पुसून बसलो.

बाईंनी शांतपणे वही उघडली. “चला, टॅब घेऊन व्हरांड्यात. चार खांब, चार उत्तरं. आपल्या खांबाशी पळायचं आणि तोच का, ते टॅबवर बोलून ठेवायचं.” तेवढ्यात ढग व्हरांड्यात शिरला. पोरं दिसेनाशी झाली, नुसती उत्तरं ऐकू येत राहिली. साहेबही एका खांबाशी जाऊन उभे राहिले. चुकीच्या.

टॅब राहिले. संध्याकाळी बाईंनी तिसऱ्या रकान्यावरचा हात काढला. वर लिहिलं होतं, ‘सर चुकले तर’. खाली: ‘व्हरांडा. चार खांब. रेकॉर्डिंग. सरांना रागावू नये.’

आता बाई निवृत्त होऊन लोणावळ्याला लेकीकडे राहतात. त्या खडकावर मी बसतो, छत्री आणि वही घेऊन. पहिले दोन रकाने भरतो. तिसऱ्यात पेन थांबतं. चुकणारा हजर आहे, पण न रागावणारं माणूस लोणावळ्याला.