साहेबाच्या मेव्हण्याची द्राक्षं

मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्याकडे येताना द्राक्षं आणू नका. ईदला दारात पहिली पिशवी आली, तिच्यात द्राक्षं. दुसरीत द्राक्षं. तिसरीत वर सफरचंदं दिसली म्हणून मी खूश झाले, तर तळाशी द्राक्षं. तुमच्या फोनच्या म्हणे सगळं लक्षात राहतं. मग फोनच पाठवत जा, तुम्ही कशाला त्रास घेता. मला कुठलीच अक्षरं येत नाहीत, हे सगळं सना टाइप करते आहे, माझी नात. पण माझ्या लक्षात आहे कोणी कोणती पिशवी आणली ते.

सनाच्या ब्लॉगवर कुणीतरी विचारलंय, उम्म अल कुवैनला एका दिवसात काय बघावं. सना म्हणाली, "दादी, यू वेन्ट देअर इन द सिक्स्टीज, यू टेल देम." तर सांगते. द्राक्षांचं कारणही त्यातच आहे, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतील.

आज दुबईतल्या आमच्या अल कुसैसहून गाडीत बसलात तर मुलं भांडायला लागायच्या आत तुम्ही पोचता. टॅक्सीने शंभर दिरहमच्या पुढे जाईल, म्हणजे आपले अडीच हजार रुपये. त्यापेक्षा कुणा भाच्याला पकडा. मी गेले तेव्हा दिरहम नव्हता, रियाल होता. आणि शारजाच्या पुढे रस्ता नव्हता, ड्रायव्हरचा अंदाज होता.

हर्णैजवळच्या आमच्या गावाहून लग्न होऊन मी बोटीने दुबईला आले होते. आमचे हे एका अमेरिकन कंपनीच्या कॅम्पवर कुक होते, उम्म अल कुवैनच्या बाहेर. कंपनी तेल शोधत होती. तेल काही सापडत नव्हतं, पण शोधणाऱ्यांना जेवायला लागतंच, त्यामुळे आमची नोकरी चालू होती. मी दुबईत, देऱ्याच्या वस्तीत, जेठानीच्या खोलीत, तिच्या शिलाई मशीनच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये. हे महिन्यातून एकदा यायचे. जेठानी भली बाई, पण पुढची बोट हर्णैला कधी जाते याची चौकशी माझ्यापेक्षा तीच जास्त करायची.

मग निरोप आला. कंपनीचा मोठा साहेब बैरूतहून येतोय, सोबत मेमसाहेब. दावत चांगली झाली तर कुकला देऱ्यात फॅमिली क्वार्टर. नाही झाली तर मी बोटीत आणि हे कॅम्पवर. आणि कॅम्पवर एकही बाई नाही, तर मेमसाहेबाच्या दिमतीला कुकच्या बायकोला पाठवा. माझं इंग्रजी म्हणजे 'येस' आणि 'नो'. जेठानी म्हणाली, "येसच म्हण, नोची तुला गरज नाही."

सकाळी कंपनीची पिकअप आली. ड्रायव्हर जुम्मा, बलुची माणूस. गोऱ्यांसोबत फिरून इंग्रजी शिकलेला, आणि ते विसरू नये म्हणून दिवसभर बोलत राहणारा. मागे पीठ, तांदूळ, बर्फ. आणि एक लाकडी पेटी त्याने माझ्या मांडीवर ठेवली.

"भाबी, ये गोद में रखो. अंगूर है. अमेरिका से आया. मेमसाहेब के भाई के बाग का है."

"इतक्या लांबून? बैरूतमध्ये मिळत नाहीत?"

"मिलता है. लेकिन साहेब को साले का ही चाहिए."

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, शारजाला चहा घेऊन घ्या. तेव्हा पुढे काही मिळायचं नाही. आता सगळं मिळतं, पण चहा तसा नाही. तिथे एका मल्याळी माणसाने तंबूत टपरी टाकली होती. पराठा आणि डाळ मिळून अर्धा रियाल, म्हणजे बारा आणे. शारजाच्या पुढे सबखा लागते. आपल्याकडे मिठागरं असतात ना, तशीच जमीन, फक्त कुणी मालक नाही. वरून पांढरी, कडक, आत चिखल. जुम्मा भरतीची वेळ बघून कधी समुद्राच्या कडेने घ्यायचा, कधी आतून. एका जागी चाकं रुतली. तो उतरून चाकांखाली गोणपाट घालत होता आणि मी उन्हात पेटीवर ओलं फडकं टाकून बसले होते. माझ्या पहिल्या मुलाला मी पुढे इतकं जपलं नाही.

एकही द्राक्ष खाल्लं नाही. आमच्या गावात तेव्हा द्राक्षं यायची नाहीत, चव कशी असते ते मला माहीत नव्हतं. जुम्मा म्हणाला, "एक ले लो भाबी, कौन गिनता है." मी म्हटलं, अमानत आहे. त्याने दोन घेतली.

कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्या, एक लांब मेस आणि भोवती वारा. दुपारी मेसमध्ये ह्यांनी थोडी द्राक्षं काढून मोठ्या टेबलावर चाखायला दिली, आंबट निघाली तर साहेब यायच्या आत कळावं म्हणून. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे. सगळ्यांनी उचलली. एकाने वाटी पुढे सरकवली, हात छातीवर ठेवला आणि मान हलवली.

त्याला बघून मला वाटलं, हा आपल्या रत्नागिरीचाच कुणीतरी. तसाच रंग, तशाच मिशा, माझ्या मामूसारखं कपाळ. मी पडद्याआडून विचारलंसुद्धा, "भाई, कोणत्या गावचे?" त्याने वळून पाहिलं आणि हसला, कळलं काहीच नाही. जुम्माने सांगितलं की पहिले सहा महिने तो त्याला यमनी समजत होता. होता तो वेल्डर, अमेरिकेचा. नाव रामोन. साहेबलोक त्याला 'रे' म्हणायचे, वेळ वाचतो म्हणून. ते त्याला मेक्सिकन म्हणायचे, तो स्वतःला चिकानो म्हणायचा. त्याने जुम्माला समजावलं होतं की त्याचे आजे-पणजे कुठूनही आलेले नाहीत. ते तिथेच राहत होते, वरचं सरकार तेवढं बदललं आणि एका सकाळी ते आपल्याच घरात परदेशी झाले. शाळेत घरची बोली बोलला म्हणून त्याने छड्या खाल्ल्या होत्या. सना हे टाइप करताना माझ्याकडे बघते आहे. बघ. तुला मराठी बोललीस म्हणून कुणी एक चापट तरी मारली का? आणि तरी तू इंग्रजीच बोलतेस.

तर, वाटी सरकवली, हात छातीवर. मी ह्यांना म्हटलं, "ह्या माणसाची मन्नत आहे."

"कशावरून?"

"द्राक्षं सोडलीत त्याने. काही मागितलं असेल. विचारायला जाऊ नका."

आमच्यात मन्नत विचारत नाहीत. विचारली की तिचा जोर जातो. आणि ज्या घराला माहीत असतं, ते घर ती वस्तू त्याच्या ताटासमोर आणत नाही. माझ्या फुफूने, म्हणजे आत्याने, मुलगा दर्यावरून परत येईपर्यंत पापलेट सोडलं होतं, तर अख्ख्या वाडीत तिच्या वाटेवरून कुणी पापलेट नेत नसे. मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना दम दिला, विचाराल तर याद राखा. कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सांगणारच होता. तो तर कुणीतरी विचारावं म्हणून वर्षभर वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी दावत. साहेब उंच, मेमसाहेब त्याहून उंच आणि उन्हाने लाल झालेली. बिचारी चांगली होती, मी जे काही देईन त्याला 'लव्हली' म्हणायची. मी पाण्याचा जग दाखवला, लव्हली. बाथरूम दाखवलं, लव्हली. जेवणात सुरमई, नारळाचा रस्सा आणि माझ्या तांदळाच्या भाकऱ्या. रामोनने भाकरी दोन्ही तळव्यांवर घेतली आणि बराच वेळ नुसती बघितली; त्याची आई मक्याची अशीच करते म्हणे. मग भरभर खाल्ली.

शेवटी बर्फावर द्राक्षं. ह्यांनी थाळा फिरवला आणि मी सांगितलं तसा रामोनला टाळून पुढे नेला. त्याच्यासमोर मी मलिदा ठेवला होता, चपाती कुस्करून, तूप-गूळ घालून. मेमसाहेबाने ते पाहिलं. "रे, माझ्या भावाची द्राक्षं आवडत नाहीत तुला?"

हे त्यांचं बोलणं मला जुम्मा पडद्यामागे हिंदीत सांगत होता, आणि मध्ये मध्ये स्वतःचं मतही घालत होता.

हे पुढे झाले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "मेमसाहेब, ही प्रॉमिस. मदर. गॉड."

मेमसाहेबाचे डोळे भरून आले. झालं, मी म्हटलं, क्वार्टर मिळालं. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. सगळं नीट झालं होतं.

रामोनने चमचा खाली ठेवला. "कुक भला माणूस आहे, मॅडम. पण हे गॉडशी नाही. माझी आई ही द्राक्षं तोडते. कंबर वाकली तिची. वेलींवर औषध मारतात तेव्हा तोडणाऱ्यांना बाजूलाही करत नाहीत. आता तिने आणि तिच्यासारख्या सगळ्यांनी काम थांबवलंय. त्यांनी लोकांना सांगितलंय की मालक समोर बसून बोलेपर्यंत द्राक्षं खाऊ नका. म्हणून मी खात नाही."

सगळी मेस आपापल्या ताटात बघायला लागली. साहेब म्हणाला, "रे, तू अमेरिकन आहेस. अमेरिकन माणसाने पिकवलेलं आहे. खा."

"अमेरिकन बाईने तोडलेलं आहे, सर. म्हणून नाही खात. आणि माझं नाव रामोन आहे."

साहेब ह्यांच्याकडे वळला. "कुक. त्याला वाढ."

हे थाळा घेऊन उभे. माझ्याकडे बघतात, म्हणजे पडद्याकडे. मला त्यांची मान दिसत होती, कानांपर्यंत लाल. तेव्हा मी घाईघाईत मनात म्हटलं, या अल्ला, ह्यांच्या हातून त्याच्या ताटात ते पडू नये आणि वर क्वार्टरही मिळू दे, मी जन्मात द्राक्ष तोंडात घालणार नाही. दोन गोष्टी मागितल्या, दिलं एक. घाईत तेवढंच सुचलं.

मग ओढणी सारखी केली, बाहेर गेले, ह्यांच्या हातातून थाळा घेतला आणि अख्खाच्या अख्खा मेमसाहेबासमोर ठेवला. जुम्माला म्हटलं, सांग तिला. ही माहेरची चीज आहे. भावाने बहिणीला पाठवली. आमच्या रिवाजात माहेरून आलेलं बहीणच खाते, दुसऱ्याने हात लावायचा नसतो, भावाच्या जिवाला वाईट.

असा रिवाज आमच्यात नाही. त्याच वेळी केला. पण साहेबलोक आपला कुठलाही हुकूम ऐकणार नाहीत, रिवाज म्हटलं की मात्र गोगलगायीसारखे आत जातात. टेबलावरच्या सगळ्यांनी हातातली द्राक्षं हळूच थाळ्यात परत ठेवली. साहेबाला तोंडात घातलेल्याचं काय करावं ते कळेना. मेमसाहेब एकटी बसून एकेक खात होती. कुणाला उठता येईना. बर्फ वितळून टेबलावर आला, तरी ती खात होती.

जाताना तिने माझा हात धरला. जुम्मा म्हणाला, मेमसाहेब म्हणते की भावाने लग्नानंतर आजवर तिला कधी काही पाठवलं नव्हतं, ही पेटीसुद्धा साहेबाने बिल भरून मागवली. आणि साहेबाला म्हणाली, ही बाई देऱ्यात नवऱ्यासोबत राहायला हवी.

क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळ बाहेर. रामोनला कामावरून काढलं. कारण लिहिलं म्हणे, वेल्डिंग कच्चं. मी परतले त्याच पिकअपमध्ये तोही होता, मागे आपल्या पेटीवर बसून. मी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. सबखेवर परत चाकं रुतली, तेव्हा गाडी ढकलायला तोच उतरला. मी जुम्माकरवी विचारलं, आता काय करणार?

"घरी जाणार. आईच्या बाजूला उभा राहणार. धाकटी बहीणपण सगळ्या मुलांबरोबर वर्ग सोडून शाळेबाहेर उभी राहिलीय, म्हणते इतिहासाच्या पुस्तकात आम्ही कुठे आहोत ते दाखवा."

"आणि जिंकला नाहीत तर?"

तो म्हणाला, "मग द्राक्षांशिवाय राहू. जमतं."

पुढे एक-दोन वर्षांनी ह्यांनी मेसमध्ये ऐकलं की मालक समोर बसले, करार झाला. म्हणजे रामोन खात असेल आता, आईने तोडलेली. त्याने मुदत घातली होती. तो संपवाल्यांच्या घरचा, त्यांना अटी घालता येतात. मी मुदत घालायलाच विसरले. सना म्हणते, "दादी, खलास, द बॉयकॉट इज ओव्हर, पापा वॉजन्ट इव्हन बॉर्न." तिकडचा असेल ओव्हर. माझ्या दोन खोल्या मला मिळाल्या, त्यातच तिचा पापा जन्मला, त्यामुळे माझा व्यवहार चालू आहे. द्राक्षं कशी लागतात ते मला अजून माहीत नाही. सना म्हणते गोड. असतील.

मागच्या थंडीत नातवाने गाडीतून तिकडे नेलं होतं. कॅम्पच्या जागी आता गोदामं आहेत. खाडी बघा, तिच्यात पक्षी असतात. जुना किल्ला बघा, सावली आहे. पाणी बरोबर ठेवा. परत आलो तर दाराला पिशवी लटकलेली होती. कुणाची ते मला माहीत आहे, नाव घेत नाही.

तर आता नीट ऐका. गावाहून कुणी येत असेल तर माझ्यासाठी आमसुलं पाठवा, मीठ कमी लावलेली, आणि आंबोशी. सुके बोंबील वेगळे बांधा, नाहीतर आमसुलांना वास लागतो. आणि तळाशी काही लपवू नका. मी पिशवी उलटी करून बघते.