वासापुरती वाईन

पुण्याच्या एका हॉटेलात मी वाईन निवडायचं काम करत होते. कोणत्या प्रदेशातली कोणती बाटली घ्यायची, ती कोणत्या जेवणासोबत द्यायची, पाहुण्याला काय सांगायचं, हे सगळं माझ्याकडे होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. मला ते कळलं फोडणी करपली तेव्हा. धूर दिसला, वास आला नाही.

वाईनमध्ये जिभेचं काम थोडंच असतं. आंबट, गोड, कडू, घशातली ऊब आणि हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा, एवढं जीभ सांगते. बाकी सगळं नाक सांगतं. नाक गेल्यावर नाशिकची काय आणि फ्रान्सची काय, मला सगळी वाईन आंबट पाण्यासारखी लागायला लागली. हॉटेल तसंही बंदच होतं. मी सामान बांधलं आणि अकोल्याला आईबाबांकडे आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज लवंग, लिंबाची साल आणि निलगिरीचं तेल हुंगत जा. मी हुंगत होते. महिने गेले तरी काही येत नव्हतं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमचं घर बौद्ध, आणि बाबा शिस्तीचे. सकाळची वंदना त्यांनी कधी चुकवली नाही, आणि रविवारी विहारात सगळ्यांची वंदनाही तेच घेत. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते त्यांनी जन्मभर पाळलं. मी या धंद्यात गेले तेव्हा ते भांडले नाहीत. कोणी विचारलं तर ‘पोरगी हॉटेलात हाये’ एवढंच सांगायचे. मी तिथं नेमकं काय करते, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. आमचं तसं बरं चाललं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीहून कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. बडनेरा रस्त्यावर तिचं रेस्टॉरंट आहे. तिला एक मेजवानी करायची होती. जेवण अस्सल वऱ्हाडी, आणि प्रत्येक पदार्थासोबत वेगळ्या मुलखातली वाईन. गावातली डॉक्टर मंडळी येणार होती.

“तू निवडून दे,” ती म्हणाली.

“माझं नाक गेलंय.”

“मंग दुसऱ्याचं घे. पाहुण्याईले सांगून झालं माहं.”

तिनं निरनिराळ्या बाटल्या मागवून अकोल्याला पाठवल्या. थर्माकोलच्या खोक्यांतून त्या आल्या, तेव्हा बाहेर एप्रिलचं ऊन होतं. पुस्तकांत लिहिलेलं असतं, लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी. आमच्या खोलीत त्या तापमानाला तिचा काढा झाला असता. लाल, पांढऱ्या, सगळ्याच मी फ्रिजमध्ये सरकवल्या. आईनं दार उघडून पाहिलं आणि म्हणाली, “दुधाच्या बाजूले नको ठेवू त्या. खालच्या कप्प्यात ठेव, भाजीपाल्यासंगं.”

पहिली बाटली मी दुपारी जेवणाच्या टेबलावर उघडली. नाशिककडची पांढरी वाईन होती. ग्लासात ओतली, फिरवली, नाक घातलं. काही नाही. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “पेरू कुठून आणला व? या दिवसात पेरू?”

घरात पेरू नव्हता. मी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. या द्राक्षाच्या वाईनला पेरूचा वास येतो, हे मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. अर्धे पाहुणे मान डोलवायचे, पण त्यांना तो येत नव्हता, हे मला दिसायचं.

“बाबा, तो याचा वास हाये,” मी म्हणाले.

ते दारात आले. ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत पेपरकडे गेले. चहा झाल्यावर मात्र स्वतःहून येऊन समोर बसले.

“नुसता वासच घ्याचा न?”

“वासच.”

“घोट नाई.”

“घोट नाही.”

“वास काई पाचव्या शीलात येत नाई,” ते म्हणाले. “आण इकडं.”

सुरुवातीला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पेरूचा वास अचानक सापडला होता, पुढे ठरवून हुंगायला बसल्यावर त्यांना सगळ्याच बाटल्यांना खोकल्याच्या औषधाचा वास यायला लागला. मग मी पद्धत बदलली. वाईनचा वास कसा आहे हे विचारायचं सोडलं आणि ‘हे हुंगल्यावर काय आठवते?’ असं विचारायला लागले. त्यानंतर उत्तरं नीट यायला लागली. स्पेनच्या लाल वाईनला त्यांनी जुनं लाकडी कपाट आणि खोबरं सांगितलं. ती ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली होती. सोलापूरकडच्या शिराझ या लाल वाईनला काळे मिरे. जर्मनीच्या रिझलिंग या पांढऱ्या वाईनचा ग्लास नाकाशी नेला आणि ते उठून खिडकीपाशी गेले. अंगणात वाकून पाहिलं.

“गाडीतून पेट्रोल गळून राहिलं काय?”

मी हसले. मुरलेल्या रिझलिंगला पेट्रोलसारखा वास येतो आणि जाणकार त्यासाठीच ती घेतात, असं सांगितलं. बाबा म्हणाले, “पैसे देऊन पेट्रोलचा वास! बापा.” पण पुन्हा हुंगली आणि पेट्रोलच्या खाली मध आहे, असंही सांगितलं.

नाक बाबांचं, जीभ माझी आणि स्वयंपाक आईचा, असं काम सुरू झालं. आई रोज मेजवानीतला एकेक पदार्थ करायची. मटणाच्या रश्शासोबत स्पेनची लाल वाईन जाईल, असा माझा हिशेब होता. बाकी जगात तो बरोबर ठरतो. आमच्या रश्शापुढे तो टिकला नाही. तिखट आणि तुरटपणा एकत्र आले की तोंडात जाळ होतो आणि मागे कडू उरतं. तीच गत जास्त मद्यार्काच्या वाईनची. उलट ती पेट्रोलवाली रिझलिंग, किंचित गोड आणि सौम्य, रश्शाचं तिखट अलगद खाली बसवायची. अंबाडीची भाजी आंबट, तिच्यापुढे वाईन तिच्याहून आंबट नसेल तर बेचव लागते. तिथं नाशिकची पांढरी बसली. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी यांच्या धुरकट चवीला शिराझ चालली, पण थंडगार करून. पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शासोबत मी गुलाबी वाईन ठेवली. ती जोडी जेमतेम होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

“तिखट कमी कर म्हणशील तं मी करणार नाई,” आईनं आधीच बजावलं होतं. मी तसं म्हणणारही नव्हते.

हे सगळं चालू असताना एका दुपारी तेल्हाऱ्याचे काका आले. बाबांचे चुलतभाऊ. दार उघडंच होतं. ते थेट आत आले तेव्हा टेबलावर बाटल्या होत्या आणि बाबांचं नाक ग्लासात होतं.

“दादा, तुमी?” काका म्हणाले.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. “बस. सांगतो.”

काका बसले नाहीत. आई पाणी घेऊन येईपर्यंत ते फाटकाबाहेर गेले होते.

दोन-चार दिवसांतच ती गोष्ट अकोल्यात आमच्या ओळखीच्या घरांपर्यंत पोचली. आईला दळणाच्या गिरणीत कोणीतरी विचारलं. मी बाबांना म्हणाले की बाटल्या अमरावतीला परत पाठवते. ते म्हणाले, “काहून? आपण काई चोरी करून राहिलो काय?”

रविवारी ते नेहमीसारखे विहारात गेले. मी गेले नाही. तिथं काय झालं ते आईनं येऊन सांगितलं. वंदना संपल्यावर बाबा उभे राहिले आणि म्हणाले, “माह्या पोरीचं नाक गेलं हाये. तिचं काम नाकाचं हाये. थे काम होईलोक मी तिचं नाक झालो. तोंडाले काई लावलं नाई. पण कोणाच्या मनात शंका राह्यची नाई म्हणून काम होईलोक वंदना दुसऱ्यानं घ्यावी.”

मागून कोणीतरी हसलं. एका माणसानं, आजवर असं कधी झालं नाही, म्हणून कुरकुर केली. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “मंग आता पोरीले वास येते काय?” बाबा म्हणाले, “नाई अजून.” बाबांनीच वंदना घ्यावी, असा आग्रह मात्र कोणी धरला नाही. आईला त्याचं वाईट वाटलं होतं. बाबांना वाटलं असेल तर ते दिसलं नाही. जेवले आणि झोपले.

मेजवानीच्या दिवशी आम्ही दोघं बर्फाच्या पेट्यांतून बाटल्या घेऊन गाडीनं अमरावतीला गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मैत्रिणीनं त्यांना स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर बसवलं. मी बाटली उघडायची, थोडी ओतायची, ते हुंगून मान हलवायचे आणि मग ती बाटली बाहेर जायची. शिराझच्या एका बाटलीला त्यांनी हात आडवा केला.

“ही नाई. ही मागच्यासारखी नाई. ओल्या पोत्याचा वास हाये.”

बूच खराब असलं की नेमका असाच वास येतो. मला काहीच कळलं नसतं आणि ती बाटली तशीच पाहुण्यांपुढे गेली असती. मी ती बाजूला ठेवली.

बाहेर एक सर्जन होते. मटणासोबत पांढरी वाईन पाहून ते म्हणाले, “मॅडम, मटणासोबत रेडच असते. एवढं आम्हालाही कळते.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी स्पेनची एक बाटली जवळ ठेवली होती, ती त्यांना दिली. रश्शाचे दोन घास आणि एक घोट एवढ्यावर त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांच्या पत्नीनं आपला रिझलिंगचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो संपवला. पातोडीसोबतची गुलाबी मात्र बहुतेकांनी अर्धी टाकली.

शेवटी मैत्रिणीनं बाबांना बाहेर आणलं आणि यांच्या नाकानं हे सगळं निवडलंय, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं ग्लास पुढे केला. बाबांनी हात जोडले. “मी वासापुरता हावो,” ते म्हणाले आणि आत जाऊन ताकासोबत भाकर खाल्ली.

मला वास पावसाळा संपता संपता यायला लागला, तोही वाकडातिकडा. पहिले कित्येक आठवडे कॉफीला जळक्या रबराचा वास यायचा. पुढं हळूहळू सरळ झाला. पूर्वीच्या निम्मा असेल. मी पुण्याला परत गेले नाही. अमरावतीलाच राहते, मैत्रिणीच्या आणि आणखी एकदोन ठिकाणच्या वाईन निवडते. मेजवानीनंतरच्या पौर्णिमेला विहारातल्या लोकांनी बाबांना बोलावलं आणि त्यांनी पुन्हा वंदना घ्यायला सुरुवात केली. तेल्हाऱ्याचे काका दिवाळीत आले, चहा घेतला, त्या दुपारचा विषय दोघांनीही काढला नाही. त्या मेजवानीनंतर बाबांनी एकही ग्लास हुंगला नाही. काम संपलं, म्हणाले.

मागे एकदा अकोल्याला गेले होते. आम्ही दोघं ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, “बाबा, त्या वेळी एकदाही पिऊन पाहावंसं नाही वाटलं?”

“वाटलं न,” ते म्हणाले. “तुह्या मायनं रस्सा केला होता अन् थे पेट्रोलवाली समोर होती, त्या दिवशी वाटलं.”

“मग?”

“मंग काय? पाणी पेलो.”