नानांचा हात आणि घरचा स्लो कॉम्प्युटर

घरातला कॉम्प्युटर स्लो झालाय हे कळल्यावर आनंदाने ओरडलेला माणूस अख्ख्या नंदुरबारात बहुधा मी एकटाच असेन. एरवी मी असल्या वेळी टेबलावर मूठ आपटणाऱ्यांतला. पण त्या रविवारी एक फॉर्म भरायला बसलो, 'क' दाबला आणि तीन मोजेपर्यंत पडद्यावर काही उमटेना, तेव्हा मला नाचावंसं वाटलं. कारण गेले काही आठवडे आमच्या घरात सगळ्यांनी मनाशी एकच धरलं होतं, की नानांचा उजवा हात आता गेला.

नाना म्हणजे माझे वडील. सारी नोकरी सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून केली. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सावरला, हात मात्र मांडीवर पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, रोज टाइप करा, बोटांना व्यायाम होईल. नाना लगेच कामाला लागले. सकाळी पेपर समोर ठेवायचे आणि अग्रलेखाचं एक पान टाइप करायचे, तेही घड्याळ लावून. पहिल्या दिवशी सव्वा तास लागला. नोव्हेंबर संपता संपता चाळीस मिनिटांवर आले. घरात पेढे आले.

आणि मग वेळ उलटी चढायला लागली. पन्नास मिनिटं, तास, पुन्हा सव्वा तास. अक्षर उमटलं नाही की आपलीच कळ नीट दाबली गेली नाही असं नाना धरायचे, हे मला नंतर कळलं. एके दिवशी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, हात मांडीवर ठेवला आणि परत त्या खुर्चीवर बसले नाहीत. मी सकाळच्या एसटीने शहाद्याला कामावर जातो, संध्याकाळी येतो. आल्यावर विचारायचो, "नाना, आज पान?" ते खिडकीबाहेर पाहायचे. मला त्यांचा राग यायचा आणि मग स्वतःचा जास्त यायचा.

म्हणून तो 'क' उशिरा उमटला तेव्हा मी ओरडलो, "नाना, तुमचा हात नाही, मशीन स्लो झालंय!"

मला वाटलं, धावत येतील. ते जागचे हललेसुद्धा नाहीत.

"मशीनले नावं ठेवू नको," ते अहिराणीत म्हणाले. "माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगी ऱ्हायना तू."

यात त्यांची तरी काय चूक? कचेरीत 'मशीन बिघडलंय' ही सबब फक्त नवखे उमेदवार सांगायचे आणि नाना त्यांना फैलावर घ्यायचे. स्वतः ती सबब ते कशी मान्य करतील? मशीन सुधारून दाखवण्याखेरीज मला गत्यंतर नव्हतं.

मग मी पदर खोचला, म्हणजे लुंगी वर बांधली. नको त्या फायली उडवल्या. अँटिव्हायरस चालवला. चालू करताच आपोआप उघडणारे चार प्रोग्राम बंद केले. दर वेळी कॉम्प्युटर दहा मिनिटं पळायचा, मी नानांना हाक मारायचो, आणि ते काठी टेकत येईपर्यंत हे महाशय पुन्हा पेंगायला लागलेले! दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा नाना आलेच नाहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी शहाद्याच्या दोस्ताला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

"थंडा ऱ्हास तवलग चालस ना?" तो म्हणाला. "मंग गरम व्हई ऱ्हायना तो. डब्बाना मांगे हात लाव, हवा बाहेर येस का?"

मी टेबलाखाली, सीपीयूच्या डब्यामागे शिरलो. मागे मायची जुनी साडी पडद्यासारखी टांगलेली होती. ती बाजूला केली, तर डब्याच्या पाठीला घट्ट चिकटून मिरच्यांनी भरलेलं नायलॉनचं पोतं!

डिसेंबरात आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिलं होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या वर्षभराच्या मिरच्या सादळायला लागल्या, तेव्हा मायने त्या घरात आणल्या हे मला ठाऊक होतं. कुठे ठेवल्या, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"डब्बामाईन इतली चांगली गरम हवा येस," माय म्हणाली. "वाया कसाले घालानी? मी म्हनं, मिरच्या तरी सुकतीन."

मिरच्या झकास वाळल्या होत्या, हे मात्र कबूल करायला हवं. माझं हसू थांबेना. नानाही दारात येऊन उभे राहिले.

दोस्ताने बजावलं होतं, डबा अंगणात नेऊन ब्रशने साफ कर. पण मला धीर कुठला! तिथेच झाकण उघडलं. आतल्या पंख्यावर लाल भुकटीचा थर. मी तोंड जवळ नेलं आणि जोरात फुंकर मारली.

मी शिंकत होतो, माय शिंकत होती, नाना चौकटीला टेकून एकामागून एक शिंका देत होते. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. मी छताचा पंखा लावायला उठलो, तेवढ्यात माय ओरडली, "आहो, हात दखा तुम्हना!"

नानांनी नाकाशी रुमाल धरला होता. उजव्या हाताने. डाव्या हातात काठी होती, आणि शिंक काही विचारून येत नाही. ते हाताकडे पाहत राहिले, बोटं सैल केली, पुन्हा मिटली.

"मशीन जोड," ते म्हणाले.

डबा अंगणात नेऊन नीट साफ केला, आणून जोडला, मागची जागा मोकळी ठेवली. नाना बसले. मी घड्याळ पाहत मागे उभा. बोट दाबलं की अक्षर, बोट दाबलं की अक्षर. करंगळी अजून चुकत होती. पान संपलं तेव्हा बत्तीस मिनिटं झाली होती.

चाळीस नव्हे, बत्तीस. आणि तेही मधले दहा-बारा दिवस हात मांडीवर ठेवून काढल्यावर. म्हणजे ज्या दिवसांत हात गेला असं समजून हा माणूस गप्प बसला होता, त्या दिवसांत तो हात परत येत होता. मला रडू आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं नाही.

नानांनी घड्याळ दोनदा पाहिलं. मग हात वर धरून मायला दाखवला, जणू तिने तो आधी पाहिलाच नव्हता.

"हाऊ मन्हाच हात शे," ते म्हणाले.