मोठ्यानं मोजणारा

बुलढाण्याच्या बागेत रोज सकाळी तो वाळू भरलेल्या दोन बाटल्या उचलायचा आणि मोठ्यानं आकडे मोजायचा. माझ्यासारखाच सत्तरीतला, पण दंड असे भरलेले, की माझी नजर आधी तिथंच जायची. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ज्याचा हेवा वाटतो, त्याचं नाव कोण विचारतं?

मी बायपास झालेला, बाकावर बसणारा. सोबतच्या म्हाताऱ्यांना सांगायचो, "हार्मोनच्या सुया घेते थो. आकडे आपल्याले आयकवते. एक दिवस हार्ट बंद पडीन त्याचं." सगळे हसायचे.

एकदा बाटल्या घेऊन तो माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं, आता भांडणार.

"भाऊ, सुया घेतल्या ना मी," तो म्हणाला. "जवानीत, कुस्तीसाठी. दंड फुगले, पन हार्टही जाड झालं अन् थकलं. आता डॉक्टरनं हलकंच उचलाले सांगितलं. दम कोंडू नाही म्हनून मोजत राह्यतो." त्यानं एक बाटली माझ्यापुढं धरली. "तुमी काऊन बसून राह्यता?"

"मले डॉक्टरची मनाई हाये."

"बरं," म्हणून तो उठला आणि पुन्हा मोजू लागला.

मनाई कधीच नव्हती. माझ्याही डॉक्टरांनी हलकं वजन उचलायला सांगितलं होतं; मी भ्यालो, आणि घरीदारी मनाईच सांगत आलो. त्याच्या दंडांचा हेवा त्या दिवशी संपला. पण माझ्याहून थकलेल्या हृदयाचा तो माणूस बागभर ऐकू जाईल असं मोजतो, याचा हेवा अजून जात नाही.