बावीस किलोमीटरचं स्टिअरिंग

सव्वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई एकोणसाठाव्या वर्षी गाडी चालवायला शिकते, तेव्हा तिचं कौतुक करायचं सोडून लोक हसतात. हसोत बापडे.

डेपोत तिला सगळे 'डबलबेल' म्हणायचे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. आणि तिची दुसरी घंटी अशी ठणकून पडायची की पेंगणारा प्रवासीसुद्धा पाय आवरून बसायचा. पुढे स्टिअरिंगवर तिचा नवरा. अठरा वर्षं एकच रूट, एकच जोडी. डबलबेल पडली की तो क्लच सोडायचा. मागे वळून कधी बघितलं नाही त्याने. मागचं कंडक्टर बघेल, हा त्याचा धर्म.

मध्ये एकदा तिने अर्ज टाकला होता, मला ड्रायव्हर करा म्हणून. जागा निघाल्या होत्या, आणि बाईने अर्ज करू नये असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. डेपोच्या साहेबाने तिला काही विचारलंच नाही. विचारलं नवऱ्याला. तो म्हणाला, "साहेब, एका घरात एक स्टिअरिंग पुरे." दोघं खो खो हसले. अर्ज फायलीत गेला तो गेलाच. हसणारे अशा गोष्टी विसरतात. जिच्यावर हसतात तिला तारीख-वार पाठ असतो.

रिटायर झाल्यावर सकाळी फिरायला जाते असं सांगून तिने ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. लायसन्स पहिल्या फटक्यात. रिव्हर्स तर असा घेतला की परीक्षा घेणारा लिहायचं थांबवून बघत राहिला. ते लायसन्स तिने नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्याने चष्मा लावला, दोन्ही बाजूंनी उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "फोटो चांगला आलाय."

बस. एवढंच.

पुढचे आठ महिने गाडी दारात आणि लायसन्स पर्समध्ये. आज टायरमध्ये हवा कमी, उद्या ब्रेक चिकटतो, परवा रस्त्याला गर्दी. शेवटी तिने ही सहल काढली. चार दिवस, भाड्याचा तंबू, स्टोव्ह, दोन झोपायच्या पिशव्या. वाटेत बिअरचा एक कारखाना होता. तिथे बाहेरच्यांना आत फिरवून दाखवायचे आणि शेवटी चाखायलाही द्यायचे. नवऱ्याला बिअर म्हणजे जीव की प्राण. पण घोटभर जरी घेतली तरी त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा नियम त्याने उभ्या नोकरीत मोडला नव्हता. तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"तुम्ही मनसोक्त घ्या. कारखान्यापासून तलाव बावीस किलोमीटर. तेवढी गाडी मी नेईन."

"बघू."

"बघू नाही. हो म्हणा."

"हो गं बाई, हो!"

पहिले दोन दिवस त्याने सहलीचीही बससेवा केली. सव्वादहाला चहा, दहा पस्तीसला सुटायचं. ती टपरीवर पाच मिनिटं जास्त रेंगाळली की हा गाडीत बसून घड्याळ बघणार. पुढच्या सीटवर स्टोव्ह, बादली आणि पाण्याचे कॅन, म्हणून ती मागे. तशी जागा करता आली असती. पण त्याने केली नाही आणि तिनेही मागितली नाही. बावीस किलोमीटरवर डोळा ठेवून ती गप्प होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारखाना आला. ओली फरशी, माणसाच्या तिप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, भिजलेल्या धान्याचा कोमट वास. फिरवून दाखवणारी मुलगी चुणचुणीत होती. जव कसे भिजवतात, मोड आले की कसे वाळवतात, सगळं हातात दाणे देऊन सांगत होती. नवरा प्रत्येक पाइपापाशी थांबून व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला फिरतो ते विचारत होता. चांगला रंगला होता. हिच्याही मनात गुदगुल्या व्हायला लागल्या. आज हा पिणार!

शेवटी दोघांना लांब बाकावर बसवलं. प्रत्येकापुढे चार छोटे ग्लास, फिक्यापासून काळ्यापर्यंत, आणि मध्ये उरलेलं ओतायला स्टीलची बादली. तिने आपले चारही ग्लास बाजूला सारले. "मला गाडी चालवायचीय," ती मुलीला म्हणाली. मोठ्याने म्हणाली. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती ती.

नवऱ्याने पहिला ग्लास उचलला, हुंगला, ओठाला लावल्यासारखं केलं आणि बादलीत ओतला. मग दुसरा.

"हे काय चाललंय?"

"चाखायची रीत असते ती. जाणकार लोक गिळत नाहीत."

"तुम्ही कधीपासून जाणकार? माझ्या भावाच्या लग्नात फेससुद्धा चाटून पुसून घेतला होतात!"

"हळू बोल. लोक बघतायत."

तिसरा ओतताना त्याचा हात जरा थांबला. जीव तुटत होता बिचाऱ्याचा, तिला दिसत होतं. तरी ओतलाच. चौथाही. आवडती बिअर हा माणूस बादलीत घालील, पण बायकोला बावीस किलोमीटर देणार नाही. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

बाहेर येताच तो किल्ली खुळखुळवत पुढे, आणि ड्रायव्हर कंडक्टरला मारतो तशी हाक. "चल मास्तर, चार वीसला निघालो तर उजेडात तंबू लागेल."

"मला शब्द दिला होता तुम्ही."

"मी प्यायलो असतो तर! प्यायलोय कुठे? आणि पुढे घाट आहे."

"घाट नाही, चढ आहे एक. नकाशा मीच काढलाय."

"तेच ते. बस मागे."

तो स्टिअरिंगवर बसला, इंजिन सुरू केलं. ती बसली नाही. रागाने घशाला कोरड पडली होती. पर्स मागच्या सीटवर फेकून, दार लावून ती डिकीतली पाण्याची बाटली काढायला गेली. त्या डिकीचं झाकण एका थापेत बसत नाही. तिने दोन हाणल्या. धाड, धाड.

आणि गाडी निघाली.

दोन ठोके पडले, त्याने क्लच सोडला. आरशात बघायची सवय पूर्वीपासूनच नव्हती, आणि भांडण झालेलं, त्यामुळे बोलण्याचाही प्रश्न नव्हता. धुरळा उडवत गाडी फाटकाबाहेर गेली आणि ही हातात बाटली घेऊन खडीवर उभी. "अहो!" म्हणून ओरडलीसुद्धा. मग स्वतःच्याच 'अहो'चा तिला संताप आला.

चाखायला देणारी मुलगी धावत आली. "काकू, काका गेले?"

"गेले. त्यांना वाटतंय मी मागे बसलेय."

मुलीला हसू आवरेना, मग तिने जीभ चावली. आपला फोन दिला. चालवताना नवऱ्याचा फोन बंद, हाही नियमच. म्हणून हिने स्वतःच्याच फोनवर लावला, पर्समध्ये मागच्या सीटवर तो वाजत असणार. सात वेळा लावला. कोणी उचलला नाही.

मुलीने तिला आत नेऊन बाकावर बसवलं. तिचे चार ग्लास तसेच होते. अर्धा तास ती त्यांच्याकडे बघत बसली. कोणासाठी राखायचं आता? कुठली गाडी, कुठलं स्टिअरिंग! तिने फिका उचलला, घटाघट संपवला. मग बाकीचे तीन. काळी बिअर कडू लागली. मुलीने न विचारता आणखी एक मोठा ग्लास भरून दिला, तोही तिने मागे ठेवला नाही.

सव्वा तासाने गाडी परत आली. नवरा उतरला तेव्हा चेहरा पार पडलेला.

"फोन वाजत होता. मला वाटलं, मुद्दाम उचलत नाहीयेस. दोनदा ओरडलो मी, उचल की म्हणून." तो थांबला. "तलावाशी उतरून मागचं दार उघडलं, तर... कोणीच नाही गं."

"अठरा वर्षांत एकदा तरी मागे बघितलं असतंत तर सवय झाली असती."

त्याने खिशात हात घातला आणि किल्ली तिच्यापुढे धरली. "घे. तू ने. तलावापर्यंत."

न मागता. स्वतःच्या हाताने. ती किल्लीकडे बघत राहिली आणि डोकं गरगरत होतं ते बिअरने की रागाने, तिला कळेना. एका धुंद ड्रायव्हरला तिने एकदा भर रस्त्यात सीटवरून उतरवलं होतं, चाळीस प्रवाशांदेखत. ती नियम मोडणार नव्हती.

"मी प्यायलेय," ती म्हणाली.

"किती?"

"तुम्ही बादलीत ओतलीत त्याच्या दुप्पट."

तो हळूच म्हणाला, "मग... मी नेऊ का? मी तर एक थेंबही..."

"खबरदार!" तिने किल्ली हिसकावली. "ही आता माझ्याकडे राहील. तंबू इथेच टाका."

मुलीने मालकाला विचारून परवानगी आणली. तंबू टाकला तो कारखान्याच्या मागे, खडीवर. तलावाकाठी हिरवळीची जागा राखून ठेवली होती ती फुकट गेली. खडीत खुंट्या शिरेनात. तो एकेक खुंटी ठोकायचा, ती वाकडी व्हायची, तो पुटपुटायचा. दोऱ्या शेवटी रिकाम्या पिंपांना बांधल्या. अंधार पडायच्या आत ती पाठ करून झोपली, किल्ली मुठीत.

सकाळी डोकं ठणकत होतं, पण बिअर उतरली होती. तोंड धुऊन, चहा घेऊन ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट पुढे घ्यायचा दांडा ओढला. हलेना. नऊ वर्षं ती सीट त्याच्या लांब टांगांच्या मापाने एकाच जागी होती; रूळ गंजून घट्ट झाले होते. त्याने तंबूच्या हातोड्याने ठोकून पाहिलं. ढिम्म.

"तेल सोडून तासभर ठेवलं तर—"

"एक मिनिट नाही ठेवायचं."

दोन्ही झोपायच्या पिशव्या पाठीमागे कोंबून ती काठावर सरकली. तरी पाय बोटभर कमीच.

"मी पुढे बसू?" त्याने विचारलं.

"पुढे सामान आहे."

तो मागे बसला. फाटकापाशी चढावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागून आवाज आला, "क्लच जरा—"

"एक शब्द काढलात तर खाली उतरवीन."

तिने हँडब्रेक ओढला, कपाळाचा घाम पुसला, पुन्हा किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला गाडी चढली. पाठ अवघडली, पोटरीत गोळा आला, तरी एकदाही ती मागे वळून बोलली नाही. बावीस किलोमीटर संपत आले, तलावाचा फाटा दिसला.

"अगं, इथे वळायचंय."

तिने ऐकलं. गिअर बदलला आणि सरळ पुढे गेली.