छत्तीस हजार फुटांवरचा डोंगर

मुलगी विमान चालवते हे सांगताना माझी छाती अजूनही फुगते. रोह्यात आमच्या आळीत कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो, आणि लोक ऐकून ऐकून कंटाळलेत हेही मला माहीत आहे. पण गेल्या थंडीत ती दोन दिवसांची सुट्टी काढून घरी आली आणि जेवताना जे बोलली, ते मी कुणाजवळ बोललेलो नाही.

पानात वालाचं बिरडं होतं. तिसऱ्यांदा वाढून घेत ती हसत म्हणाली, "बाबा, परवा आमचं विमान समुद्रावरून चाललं होतं आणि नकाशावर मात्र भलत्याच देशातल्या विमानतळावर उभं होतं!"

"मशीन बिघडलं असेल," मी म्हटलं.

"मशीन ठणठणीत होतं. आखाताकडे लढाया चालू असल्या की खालून कुणीतरी खोटे सिग्नल सोडतं. आमचं जीपीएस त्यांनाच खरं मानतं. मग जागा चुकते, घड्याळ चुकतं आणि कॉकपिटमधला तो आवाज ओरडायला लागतो, 'पुल अप, पुल अप!' म्हणजे समोर डोंगर आहे, विमान वर घ्या. आता छत्तीस हजार फुटांवर कुठला आलाय डोंगर?"

तिची आई खो खो हसली. मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"डोंगराचा तो इशारा बंद करून ठेवतो. नियमाप्रमाणेच. रस्ता शोधायला दुसरी साधनं असतात, खालून रडारवालेही सांगतात. त्या भागातून बाहेर पडलो की परत चालू. कधी कधी चालू केल्यावरही बराच वेळ तो काहीबाही बरळत राहतो. आता सवय झालीय आम्हाला."

माझा घास हातातच राहिला. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी उभा जन्म इन्स्ट्रुमेंट खात्यात काढला. काटे, मीटर, सेन्सर, भोंगे यांची देखभाल हेच माझं काम. खोटं बोलणारं यंत्र कसं असतं ते मला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडे गॅस गळती ओळखणारा एक सेन्सर होता. पावसाळ्यात त्याच्यात दमट हवा शिरली की गळती नसतानाही भोंगा वाजायचा. पहिल्या दिवशी सगळा प्लँट गेटकडे पळाला. आठवडाभराने कुणी मान वर करेना. मग ऑपरेटर त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधू लागले आणि शेवटी सगळ्यांच्या आग्रहावरून मी त्याला बायपास केलं. म्हणजे वायर काढून भोंगा गप्प केला, रजिस्टरमध्ये 'तात्पुरता' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. पुढे एका दुपारच्या शिफ्टला खरोखर गॅसची लाइन फुटली. भोंगा वाजलाच नाही. माझ्या बरोबरीचा एक जण खालच्या मजल्यावर होता. तो वाचला, पण त्याची फुप्फुसं कायमची गेली. आज चार पायऱ्या चढला की कठड्याला धरून उभा राहतो. बाजारात भेटला की तोच माझ्या तब्येतीची चौकशी करतो, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी हात धुतल्यावर मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे पिशव्या बांधायचे. आमची वर्षातून दोनदा परीक्षा असते. ढगात असताना तो ओरडला तर खरं की खोटं हे बघायचंच नाही, सरळ वर घ्यायचं. हात आपोआप जातो."

मी मान डोलावली. दुसरं करणार काय? प्लँटमध्ये निदान जिना उतरून, मीटरवर टिचकी मारून बघता यायचं. हिच्या विमानाला मी कुठे जाऊन टिचकी मारणार होतो? स्वतःचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पेणच्या एसटी स्टँडवर सोडायला निघालो. आधी पेणच्या पुढे जोह्याला जाऊन तिच्या मामीला भेटलो. मामीचा गणपतींचा कारखाना आहे. अंगणभर कच्च्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, त्यातून गाडी बाहेर काढायची म्हणजे सर्कसच. निघताना मी रिव्हर्स टाकला. मागचा सेन्सर पीं पीं करू लागला. त्या अंगणात तो करतोच, चहूकडे मूर्ती ना! मी आपला हळूहळू मागे घेत राहिलो. पीं पीं वाढत वाढत सलग झालं.

"बाबा, ब्रेक!" मुलगी किंचाळली.

उतरून पाहिलं तर बंपरपासून वीतभर अंतरावर मामी खाली बसून सांडलेले ब्रश गोळा करत होती. मी तिला उठवायला हात पुढे केला. ती मात्र उठून, कमरेवर हात ठेवून माझ्यावरच ओरडली, "काय वो भावोजी, गाडी एवढी बोंबलतेय ती ऐकू येत नाय व्हय?"

"ती इथे नेहमीच बोंबलते," मी म्हणालो.

तिथून मागे पेणला आलो. स्टँडवर पनवेलची गाडी लागलेली होती. बॅग काढून घेतल्यावरही ती आमच्या गाडीच्या दाराशी घुटमळत राहिली.

"मागच्या आठवड्यात उतरताना तो आवाज आला, बाबा. दाट ढग होते, खालचं काही दिसत नव्हतं. विमान माझ्या हातात होतं."

"मग?"

"मी काहीच केलं नाही. दोन सेकंद, तीन सेकंद. मला वाटलं, बरळतोय. कॅप्टननी माझ्या हातातून घेतलं आणि वर नेलं."

"पण खोटाच निघाला ना आवाज?"

"खोटाच होता. पण ते मला नंतर कळलं."

ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी गणित अडलं की अशीच बघायची. जोह्याच्या अंगणातून आत्ताच आलेल्या माणसाने तिला काय सांगायचं? कंडक्टरने बेल दिली. ती धावत जाऊन चढली, खिडकीशी बसली. मी खिडकीखाली गेलो, "जाऊ नकोस" म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "पोचलीस की फोन कर."