चार कुत्र्यांची ‘एक्स्पोनेन्शियल’ वाढ

मंडळी, तासभर घरात येरझाऱ्या घालतेय. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “कुत्ते एक्स्पोनेन्शियली बढ रहे हैं, उठवाना पडेगा।” जड इंग्रजी शब्द ऐकताच सगळ्यांचे हात वर!

मी आयुष्यभर गणित शिकवलंय. विचारलं, “शर्माजी, गेल्या वर्षी किती होते?”

“तीन.”

“आता?”

“चार.”

“दर वर्षी त्याच पटीने वाढत गेलं, तर त्याला एक्स्पोनेन्शियल म्हणतात. तुम्हाला नुसतं ‘फार’ म्हणायचंय, आणि तेही खोटं आहे.”

“आंटीजी, मतलब तो वही है ना!”

ठराव पास झाला. उद्या सकाळी कुत्र्यांना उचलून न्यायला गाडी येणार.

म्हातारा मोती आत्ता माझ्या स्वयंपाकघरात झोपलाय. उरलेल्या तिघांना कोण घरात घेतंय?